कुलूप आणि राखण

कुलपांचा इतिहास लिहिणारे तिजोरीपाशी रेंगाळतात, किल्ल्याच्या दिंडीदरवाजापाशी थांबतात; सायकलीच्या कुलपाकडे मात्र कोणी फिरकत नाही. सोलापुरात वाढलेल्या माणसाला ही उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. ज्या गावात भोंग्यावर माणसे उठत आणि भोंग्यावर निजत, त्या गावात सायकल गेली की पाळी बुडे, आणि पाळी बुडली की पगार कापला जाई.

आमची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, तेव्हा आजच्यासारखी सायकल जन्मालाही आली नव्हती. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी 'रोव्हर' इंग्लंडात स्टार्लीने १८८५ साली काढली. डनलॉपची हवेची धाव १८८८ ची. त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले. नांगरांच्या आणि पंपांच्या त्या घराण्याचा आरंभ दोन चाकांवर झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पण ती सायकल वकील-डॉक्टरांची. साचेवाल्याच्या दारात ती आली स्वातंत्र्यानंतर, ॲटलस (१९५१) आणि हीरो (१९५६) यांसारखे देशी कारखाने निघाल्यावर. तिच्याबरोबर आले ते मागच्या चाकाला कायम जखडलेले, घोड्याच्या नालेसारखे कुलूप. खटका दाबला की लोखंडी कांब आऱ्यांमधून सरकते आणि चाक अडते. वेगळी साखळी वागवायला नको, विसरायचा प्रश्न नाही.

आता या कुलपाचा नीट विचार करून पाहा. ते सायकलीला सायकलीशीच बांधते! त्याने चोराला सायकलीवर बसून जाता येत नाही, एवढेच. मागचे चाक उचलून, पुढच्या चाकावर ढकलत तो खुशाल चालू लागला, तर कुलूपही त्याच्याबरोबर जाते. शिवाय स्वस्त कुलपांत आतल्या पत्त्या मोजक्याच; एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागल्याची उदाहरणे प्रत्येक आळीत सापडतील. मग असल्या कुलपाच्या भरवशावर माणसे आठ-आठ तास निर्धास्त कशी राहत?

याचे उत्तर मला वडिलांच्या बोलण्यात मिळाले. ते साच्यावर होते. गिरणीच्या फाटकाशी पत्र्याच्या छपराखाली सायकलींच्या रांगा लागत आणि तिथे एक म्हातारा बसे. बिल्ला दिल्यावाचून तो सायकलीला हात लावू देत नसे. पण बिल्ल्याहून त्याची नजर पक्की. कोणती सायकल कोणाची, कोणाचा मडगार्ड वाकलेला, सगळे त्याला तोंडपाठ. कुलूप चाकाला होते. राखण माणसाची होती. चित्रपटगृहाबाहेर, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत हीच व्यवस्था असे.

१९५२ च्या जानेवारीत मुंबईला आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' दाखवला गेला. त्या कथेतल्या रोमच्या बेकाराला सायकल असेल तरच नोकरी मिळणार असते. गहाण पडलेली सायकल सोडवायला त्याची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. चादरींच्या आमच्या गावाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पण मला त्यातली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वाटेत एका घरी जिना चढून जाताना तो खाली खेळणाऱ्या मुलाला सायकलीकडे लक्ष ठेवायला सांगतो, आणि सायकल जागच्या जागी राहते. दुसऱ्या दिवशी तो शिडीवर चढून भिंतीवर चित्र डकवू लागतो. लक्ष ठेवायला कोणी नसते, आणि ती जाते.

आमच्याकडे पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. जुन्या गिरणीला ऑगस्ट १९४९ मध्येच एकदा कुलूप लागले होते. ते उघडायला सरकारला १९५० साली खास कायदा करावा लागला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या कुलपाचे नशीब मोठे! फाटकाशी बसणारे म्हातारे मात्र गिरण्यांबरोबर मुकाट्याने गेले, आणि एकटे राखण करण्याची ताकद नसलेले ते चाकाचे कुलूप मागे उरले.

परदेशांत राखणदार नव्हताच, म्हणून कुलूपच दणकट करण्याकडे त्यांचा ओढा. अमेरिकेत 'क्रिप्टोनाइट' नावाचे जाड कड्याचे कुलूप निघाले. १९७२ साली ते लावून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर महिनाभर सायकल ठेवली. चोरांनी सुटे होतील ते भाग नेले, पण सायकल हलली नाही, कारण ती खांबाला बांधलेली होती. २००४ साली मात्र त्याच जातीची कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात असे उघडकीस आले. तेव्हा केवळ लोखंडाच्या जाडीला भुलू नये. फ्रेम आणि मागचे चाक मिळून, वरून काढून घेता येणार नाही अशा एखाद्या पक्क्या गजाला बांधावे. साखळी जमिनीला टेकू देऊ नये, कारण टेकलेल्या साखळीवर हातोडा चांगला बसतो. आणि सायकल वर्दळीच्या, दुकानदाराच्या नजरेसमोरच्या जागी ठेवावी.

हे आता अधिकच निकडीचे झाले आहे. १८६० च्या दंडसंहितेत चोरी दखलपात्र होती, मग ती सोन्याची असो की सायकलीची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेखाली पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरते. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. आमच्या शाळेतल्या पोरांच्या किती सायकलींची किंमत आज पाच हजार भरेल? त्यांतल्या बहुतेक थोरल्या भावाकडून धाकट्याकडे आलेल्या.

सापडलेली सायकल आपलीच, हे सांगायला फ्रेमवर ठोकलेला क्रमांक उपयोगी पडतो. तो बहुधा सीटखालच्या नळीवर किंवा पायडलांच्या आसाखाली असतो. दर जूनमध्ये मी मुलांना तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायला लावतो. काहींचे आकडे गंजाने बुजलेले असतात. त्यांच्यासाठी पॉलिश पेपरचा एक तुकडा टेबलाच्या खणात ठेवलेला आहे.