इटलीतले दोघे

मागच्या आठवड्यात आमच्या भेस्तानच्या घरी एका स्थळाचा बायोडाटा आला. शिक्षण, धंदा, घराणं, सगळं चोख. फोटो पाहून वहिनी म्हणाल्या, "मुलगा जरा काळाच आहे हो." झालं, कागद बाजूला पडला. मला मात्र व्हर्नन बेकर आठवला.

बेकर अमेरिकेतल्या वायोमिंगचा काळा मुलगा. आईबाप लहानपणीच गेले, आजी-आजोबांनी वाढवला. सैन्यात भरती व्हायला गेला तर पहिल्या वेळी रंग बघूनच परत पाठवला. पुढे लेफ्टनंट झाला, काळ्या सैनिकांच्या ९२व्या डिव्हिजनमधून इटलीत लढला. ५ एप्रिल १९४५ ला व्हिआरेज्जोजवळच्या डोंगरावर त्याने जर्मनांच्या मशीनगनची ठाणी एकामागून एक बंद पाडली. मागून मदत आलीच नाही. तेव्हा जखमींना खाली नेता यावं म्हणून तो उघड्यावर थांबला आणि गोळीबार स्वतःच्या अंगावर ओढवून घेतला.

त्यानंतर चारच दिवसांनी, ९ एप्रिलला, त्याच इटलीत सेनिओ नदीवर आपल्या नगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा साधा शिपाई, काम कंपनीचे निरोप पोचवायचं. सोबतची तुकडी जवळजवळ संपली. नामदेवने दोन जखमींना एकामागून एक उचललं, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेलं. मग परत येऊन तीन मशीनगन गप्प केल्या. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तर हातबॉम्ब फेकले! शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्यांना हाताने बोलावलं.

लढाईचं कौतुक लिहिताना माझा हात अडखळतो. मुंगी चिरडली तरी मिच्छामि दुक्कडं म्हणणारी आपण माणसं. पण दोघांच्याही हकिगतीत मी त्या जखमींपाशी थांबते.

नामदेवला जूनमध्येच व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. आपल्या हिंदी शिपायांना हे पदक मिळण्याची सोयच मुळी १९११ पर्यंत नव्हती, हेही सांगायला हवं. इंग्रजाने पदक दिलं, देश मात्र आणखी दोन वर्षं सोडला नाही.

बेकरला त्याच्या स्वतःच्या देशाने एक पायरी खालचं पदक दिलं. त्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त काळे अमेरिकन सैन्यात होते, पण सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' तेव्हा त्यांच्यातल्या एकालाही मिळालं नाही. एकालाही नाही! अखेर नव्वदच्या दशकात लष्करानेच याचा अभ्यास करवला, आणि कारण रंग हेच निघालं.

१३ जानेवारी १९९७ ला व्हाइट हाउसमध्ये सात जणांना ते पदक देण्यात आलं. सहा जण तोवर गेलेले होते. सातवा बेकर, वय ७७, स्वतः उभा राहून ते घेणारा एकटाच.