बार्तिमी सदनापासून अंगणवाडीपर्यंत

बारामतीहून आगगाडीने दौंड गाठावे आणि तेथून पुण्याच्या दिशेने निघावे, की थोड्याच वेळात केडगाव येते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते हेच. बारामती-इंदापूरकडील ख्रिस्ती कुटुंबांना हे नाव परके नाही; परंतु त्या आवारात अंधांसाठी एक स्वतंत्र घर उभे राहिले आणि त्याला 'बार्तिमी सदन' असे नाव मिळाले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आपल्या भागातील दिव्यांग बालकांच्या शिक्षणाचा विचार करावयाचा, तर त्या घराच्या उंबरठ्यापासून आरंभ करणे योग्य, असे आम्हांस वाटते.

रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या. तेथे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. लहान मूल हातांनी, डोळ्यांनी, खेळातून शिकते, हा विचार घेऊन त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे १८९६-९७ च्या व १९०० च्या दुष्काळांत उपाशी, निराधार मुली व विधवा शेकड्यांनी केडगावला आल्या. त्यांत अंधही होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमा अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आली होती. तिने या मुलींना शिकविण्यास सुरुवात केली. अंध म्हणजे भिक्षापात्र, असे समीकरण ज्या काळी रूढ होते, त्या काळी भीमेच्या खोऱ्यातील मुली बोटांनी वाचू लागल्या! रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. परंतु शेजाऱ्याच्या घरचा दिवा आपल्याही वाटेवर उजेड पाडतो.

आपल्या ख्रिस्तसभेचा वारसाही तितकाच जुना आहे. येशूसंघीय बिशप लिओ म्युरिन हे मुंबईचे धर्माधिकारी असताना १८८४-८५ च्या सुमारास माझगावला मूकबधिर मुलांची शाळा निघाली. अशा प्रकारची ती भारतातील पहिली शाळा मानली जाते.

या संस्थांचे ऋण मोठे आहे. जेथे कोणतेच दार उघडे नव्हते, तेथे त्यांनी निराळे का होईना, एक दार उघडले. पण निराळ्या घराला एक मर्यादा असते. तीन वर्षांच्या मुलाला आईपासून तोडून तेथे पाठविता येत नाही, आणि गावातील इतर मुलांना त्याच्याशी खेळण्याची सवयही लागत नाही.

या कोड्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकाला मिळाले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे, अनुताई वाघ यांना सोबतीस घेऊन, बालवाडीचे काम आरंभिले. वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच वस्तीत, घराच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अनुभवातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि कालांतराने तो गावोगावी पोहोचला. ताराबाईंच्या मनात मुख्यतः आदिवासी व वंचित मुले होती. परंतु ज्याचे पायच चालत नाहीत, त्याच्याइतकी शाळा अंगणात येण्याची गरज दुसऱ्या कोणाला असणार?

आता, अंगणात आलेल्या मुलाला बसवावे कसे, हेही शास्त्र आहे. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. तेथील कमला निंबकर बालभवन ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. चमचा धरणे, गुंडी लावणे, आधाराने ताठ बसणे ही त्या विद्येची बाराखडी. पाठीला टेकू मिळाला की मुलाचे हात मोकळे होतात आणि ते इतरांबरोबर मणी ओवू लागते. बाईंचे तोंड समोर दिसले, की कमी ऐकू येणारे मूल ओठांवरून बरेच ताडते.

कायद्याने या दिशेने सावकाश पावले टाकली. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. दुसऱ्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे. परंतु त्यातील मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. मुलाची गरज मात्र पाळण्यातच सुरू झालेली असते. त्याआधीच, २०१३ साली, पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला होता. त्यात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा तपासावयाचे असते. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणे वेळीच ओळखणे, मुलाला इतरांत मिसळू देऊन त्याच्या कुटुंबाला बळ देणे, आणि गरजेप्रमाणे पुढील उपचारांस पाठविणे, अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत.

कागदावर हे उत्तम आहे. पण आमच्या डोळ्यांसमोर बारामती-इंदापूरचा ऊस येतो. १८८५ च्या नीरा डाव्या कालव्याने या दुष्काळी मुलखाचे रूप पालटले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने आले. दर हंगामात मराठवाड्यातून व नगरकडून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. त्या कोपीत एखादे न बोलणारे, न चालणारे लेकरू असेल, तर त्याचे नाव गावाकडच्या अंगणवाडीच्या पटावर आणि ते स्वतः उसाच्या फडाकडेला. तपासणीचे पथक आले, की नेमके तेच गैरहजर! पहिली वर्षे अशी निसटली, तर ती पुन्हा हाती येत नाहीत.

आणि आपले काय? आपल्या संस्थांच्या बालवर्गांत प्रवेश देताना, ज्याला चटकन उत्तर देता येते त्यालाच आपण हुशार मानतो. रविवारच्या मिस्साबलिदानास असे मूल मोठ्याने ओरडले, की माना वळतात आणि पुढच्या रविवारी ती आई येत नाही. बार्तिमय हाक मारीत होता तेव्हा त्याला गप्प बसविणारे लोक प्रभूच्या सोबत चालणारेच होते, हे शुभवर्तमान वाचताना आपण विसरतो. प्रभू मात्र थांबला, त्याने त्याला जवळ बोलाविले आणि त्याला काय हवे ते त्यालाच विचारले.

केडगावच्या त्या घराला रमाबाईंनी हे नाव दिले, त्यात हा सारा अर्थ सामावला आहे. तेव्हा एका सदनाची गरज होती; आज प्रत्येक बालवर्गात एका जागेची आहे. आपल्या धर्मग्रामात असे मूल कोणत्या घरी आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय? नसेल, तर आधी त्या घरी जावे आणि त्याच्या आईला विचारावे. आरंभ तेथूनच होतो.