रिच्चोली, जोव्हान्नी बात्तिस्ता

(१७ एप्रिल १५९८–२५ जून १६७१). इटालियन जेझुइट ज्योतिर्विद. जन्म फेरारा येथे. १६१४ मध्ये त्यांनी जेझुइट संघात, म्हणजे शिक्षणकार्याला वाहून घेतलेल्या कॅथलिक धर्मसंघात, प्रवेश केला. पार्मा व बोलोन्या येथे त्यांनी अध्यापन केले.

मापनकार्य : रिच्चोली यांचे चिरस्थायी कार्य मापनाचे आहे. प्रत्येक आंदोलनाला नेमका एक सेकंद घेणारा लंबक सिद्ध करण्यासाठी १६४२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चोवीस तास आळीपाळीने लंबकाची आंदोलने मोजली; अपेक्षित संख्या ८६,४०० असताना ती ८७,९९८ भरली, तेव्हा लंबकाची लांबी सुधारून मोजणी पुन्हा करण्यात आली. अशा लंबकांच्या आधारे, शिष्य व सहकारी फ्रांचेस्को मारिया ग्रिमाल्दी यांच्या साहाय्याने, त्यांनी बोलोन्यातील सुमारे ९७ मी. उंच आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडले आणि समान कालखंडांत पार होणारी अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात, हा गॅलिलीओंचा नियम पडताळून मान्य केला. पृथ्वीच्या गतीविषयी गॅलिलीओंशी मतभेद असतानाही दिलेला हा कौल त्यांच्या सचोटीची साक्ष देतो.

विश्वरचना : आल्माजेस्टुम नोव्हुम (१६५१) या दीड हजारांहून अधिक पृष्ठांच्या ग्रंथात पृथ्वीच्या गतीच्या बाजूचे ४९ व विरुद्ध बाजूचे ७७ युक्तिवाद त्यांनी तपासले. त्यांच्या मते बुध, शुक्र व मंगळ सूर्याभोवती, तर सूर्य, गुरू व शनी स्थिर पृथ्वीभोवती फिरतात. पृथ्वी फिरत असेल, तर ताऱ्यांच्या स्थानात वार्षिक भासमान बदल, म्हणजे पराशय, दिसावयास हवा. तो दिसत नसल्याने तारे अतिदूर मानावे लागतात आणि मग दुर्बिणीतील त्यांच्या तबकड्यांवरून ते अवाढव्य ठरतात, हा त्यांचा एक प्रबळ आक्षेप होता. या तबकड्या प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे कडेपाशी किंवा छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, भासतात. ते विवर्तन ग्रिमाल्दी यांनीच शोधले असले, तरी त्याचा ताऱ्यांच्या प्रतिमांशी असलेला संबंध त्या काळी उमगलेला नव्हता. १६३३ च्या गॅलिलीओ खटल्यानंतरच्या, पृथ्वीची गती नाकारणाऱ्या धर्माज्ञेचा रिच्चोलींच्या निष्कर्षावर किती प्रभाव पडला, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

चांद्रनकाशा : आल्माजेस्टुम नोव्हुममधील, ग्रिमाल्दी यांनी रेखाटलेल्या चंद्राच्या नकाशावर रिच्चोली यांनी विवरांना ज्योतिर्विदांची व तत्त्वज्ञांची, तर सपाट काळसर प्रदेशांना हवामान व मनोवस्थांची नावे दिली. कोपर्निकस, टायको, प्लेटो, प्रशांत सागर ही नावे आजही रूढ असून १९६९ मध्ये अपोलो-११ हे यान चंद्रावरील याच प्रशांत सागरात उतरले.

इतर ग्रंथ : भूगोल (१६६१), खगोलशास्त्र (१६६५) व कालगणना (१६६९) या विषयांवर.

बोलोन्या येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा विश्वरचनेविषयीचा निष्कर्ष टिकला नाही. परंतु आधी काल मोजण्याचे साधन पारखावे, मग निसर्गनियम पारखावा, ही त्यांनी श्रमपूर्वक घालून दिलेली शिस्त प्रायोगिक भौतिकीच्या पायाशी आहे.