हुकूम आणि खो

देवळाली कॅम्पात कवायतीची ओळख करून द्यायला नको. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्रच इथे आहे. पण जवान फौजेत स्वतःहून जातो. चौदा वर्षांचा मुलगा पी.टी.ला येतो तो वेळापत्रकात आहे म्हणून. मग तो मनापासून कधी उतरतो?

आझाद हिंद फौजेतले सेनानी जगन्नाथराव भोसले पुढे केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. 1954 मध्ये त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली, ती दिल्लीत, फाळणीत घरदार गमावलेल्या मुलांपासून. माझ्या मते, त्या मुलांना रांगेत स्वतःची हक्काची जागा मिळाली. पुढे योजना इतर शाळांतही गेली. पण ज्याचं घर शाबूत आहे, त्याला रांग ही नुसती रांगच वाटते.

आता आपला खो-खो बघा. आठ गडी बसलेले, एक धावणारा. पाठीवर थाप पडली, 'खो' ऐकू आला, की उठायचंच. हाही हुकूमच की! पण तो सवंगड्याकडून येतो, आणि त्याचा अर्थ असतो: आता तुझ्यावाचून अडलंय. म्हणून सावकाश पळणाऱ्या पोरालाही खो मिळतो ना, हे शिक्षकांनी पाहावं. ज्याला तासभर कुणी खो देत नाही, तोच पुढच्या वेळी पोटदुखीची चिठ्ठी आणतो.