बेवारसांच्या हाडांचे ऋण

आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले, त्यामुळे मापाच्या बाबतीत आम्ही मुळातच संशयी. पट्टी कोणाच्या हाती, यावर मजुरी ठरते हे आम्ही कापड खात्यात शिकलो. हाडे मोजून मृताची ओळख पटवितात असे वाचले, तेव्हाही आम्ही हेच विचारले : ही पट्टी कोणाच्या देहावरून तयार झाली?

उत्तर शोधीत गेलो तो फ्रान्समधील लियों शहरी पोचलो. १८८८ साली एतिएन रोले या डॉक्टराने ५० पुरुष व ५० स्त्रिया यांच्या प्रेतांची उंची मोजली आणि मग त्यांची लांब हाडे मोजली. १८९९ साली कार्ल पिअर्सन या गणितज्ञाने त्याच आकड्यांवरून उंचीची सूत्रे बसविली.

पुढे अमेरिकेतील सेंट लुइस येथे रॉबर्ट टेरी या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाने सांगाडे जमविले. त्यांतील बहुतेक गोरगरिबांचे होते. इस्पितळात मेले, न्यायला कोणी आले नाही, म्हणून विच्छेदनाच्या टेबलावर गेले. अशा १,७२८ सांगाड्यांचा संग्रह आज स्मिथसोनियन संस्थेत आहे.

टेरी यांच्या सहकारी मिल्ड्रेड ट्रॉटर १९४८-४९ मध्ये हवाई बेटावर दुसऱ्या महायुद्धातील मृत सैनिकांची ओळख पटवीत होत्या. भरतीच्या वेळची उंची कागदावर होती, हाडे समोर होती. १९५२ साली गोल्डिन ग्लेसर यांच्यासह त्यांनी सूत्रे प्रसिद्ध केली. गोऱ्या पुरुषाची मांडी ४५ सेंटिमीटर असेल, तर २.३८ ने गुणून ६१.४१ मिळवावे; उंची येते सुमारे १६८.५ सेंटिमीटर. त्यात तीनसव्वातीन सेंटिमीटर इकडे तिकडे धरावे लागतात. काळ्या अमेरिकनांसाठी सूत्र निराळे. स्त्रियांची सूत्रे तर टेरी संग्रहातील सांगाड्यांवरूनच निघाली.

श्रोतेहो, एवढ्याने नाव सापडत नाही. उंचीवरून फार तर 'हा तो नव्हे' एवढे कळते. पुढे दात, वय आणि जुने अस्थिभंग पाहावे लागतात. शिवाय एका समाजावर बसविलेले सूत्र दुसऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही.

आणि पट्टीही चुकली होती! नडगीचे हाड घोट्याच्या आतल्या उंचवट्यासह मोजल्याचे ट्रॉटरबाईंनी लिहिले होते. प्रत्यक्षात तो उंचवटा मापात धरलेलाच नव्हता. त्यामुळे लिहिल्याप्रमाणे मोजणाऱ्याला उंची अडीच-तीन सेंटिमीटर जास्त मिळे. १९९५ साली रिचर्ड जँट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चूक दाखविली. कशावरून? टेरी संग्रहातील हाडे जपून ठेवलेली होती. ती पुन्हा मोजता आली.

ज्यांची विचारपूस जिवंतपणी कोणी केली नाही, ज्यांना संमती विचारली गेली नाही, त्यांनी पट्टी दिली आणि पट्टीची चूकही दाखविली. एखाद्या आईला हरवलेल्या मुलाचे नाव परत मिळते, तेव्हा त्या हिशेबात बेवारसांचे देणे नोंदलेले नसते. आमच्या हजेरीपटावर तरी आम्ही ते नोंदवून ठेवतो.