कुंभारीची घरे

कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर) येथे गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत आहे. सोलापुरात विड्या वळतात त्या मुख्यतः बायका. त्यांत तेलुगूभाषक पद्मशाली घरांतल्या पुष्कळ. काम घरीच चालते. भिजवलेले तेंदूपान पत्र्याच्या मापाने कातरायचे, तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे. मजुरी ठरते हजार विड्यांवर. तपासणीत बाद झालेल्या विड्या कामगाराच्याच माथी बसतात. एकाच खोलीत चूलही आणि तंबाखूचे सूपही, त्यामुळे मजुरीच्या लढ्यात घराची मागणी येणे स्वाभाविक होते. सिटू या कामगार संघटनेच्या लाल बावट्याखाली माजी आमदार नरसय्या आडम (‘मास्तर’) यांनी ती लावून धरली. बायकांनी सहकारी संस्था काढली. खर्चाचा भार केंद्र, राज्य आणि खुद्द कामगार यांनी उचलला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते १०,००० घरे कामगारांना मिळाली. पुढे याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचे रे नगर उभे राहू लागले; त्यांतील १५,००० घरांचे हस्तांतरण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १९ जानेवारी २०२४ रोजी केले. दोन्ही वेळी सरकारे वेगळी, पाठपुरावा करणारे मात्र तेच. वसाहतीला ज्यांचे नाव दिले, त्या गोदावरी परुळेकर यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध संघटित केले होते.