स्मरणकथा आणि अक्षरांचा इतिहास
मराठी शाळांत ‘ष’ या वर्णास ‘पोटफोड्या ष’ म्हणतात. बोलण्यात ‘श’ व ‘ष’ यांतील भेद बहुधा लोपल्यामुळे आकृतीवरून पडलेले हे नाव शुद्धलेखनास उपकारक ठरते. ब्राह्मीपासून झालेल्या वर्णविकासाविषयी मात्र ते मौन पाळते. चीनमधून जपानात गेलेल्या कांजी चिन्हांच्या स्मरणकथांबाबतही हाच विवेक हवा. ‘पूर्व’ दिशेच्या चिन्हात वृक्षाआडचा सूर्य पाहण्याची परंपरा इ. स. १०० च्या सुमारास शू शेनने रचलेल्या कोशाइतकी जुनी आहे. परंतु १८९९ पासून उजेडात आलेल्या अस्थिलेखांतील रूप, बहुतेक अभ्यासकांच्या मते, दोन्ही टोकांस बांधलेल्या थैलीचे असून ध्वनिसाम्यामुळे ते दिशावाचक झाले. तात्पर्य, स्मरणकथा हे अध्ययनाचे साधन होय. इतिहासाचे प्रमाण नव्हे.